मोडक्या फांदीचा बहर

ताई खुर्चीत बसल्याच नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "माझ्या वडिलांच्या झाडाला कुणीतरी मारलंय. आणि उद्या सकाळी त्याची पोरंबाळंही जाळणार आहेत."

भावोजींच्या हातातला चहा बशीत सांडला. वहिनींनी मात्र चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवरची मांजर उचलून खाली सोडली.

"आधी बसा," त्या म्हणाल्या. "झाडाची फिर्याद पहिल्यांदाच आली आहे. नीट ऐकू दे."

घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वहिनींचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. खरं म्हणजे त्या एकट्या भावोजींच्याच वहिनी. पण दीर दिवसभर मागेपुढे 'वहिनी, वहिनी' करत राहिले, की गावाला तरी दुसरं नाव कसं सुचणार? भावोजी भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. नकाशा उलटा धरला तरी त्यांना वाचता येई. माणूस समोर सरळ बसला तरी येत नसे. तपासाच्या पहिल्या अर्ध्या तासात ते गुन्हेगार पकडत, आणि तो हटकून चुकीचा असे.

ताई बसल्या. गावाबाहेरची नासपतीची नर्सरी त्यांची. उंच बांधा, रापलेला चेहरा, आणि बोलताना हनुवटी जरा वर.

"आमची नासपती साधी नाही," त्यांनी सुरुवातच अशी केली. "पितळी म्हणतात तिला. पिकली की घासलेल्या पितळेचा रंग येतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. एक मूळ झाड आहे, आजोबांच्या वेळचं. बाकी सगळी त्याचीच कलमं. बाबांचा नियम होता: आतली काडी भिंतीबाहेर जायची नाही आणि बाहेरची काडी आत यायची नाही. मी तो आजवर पाळला."

"आणि झाड मेलं कशानं?"

"जळका. बागेतले लोक तेच म्हणतात. कोवळे शेंडे काळे पडून वाकतात, विस्तवाची धग लागल्यासारखे. सालीतून चिकट थेंब गळतात. आपल्या भागात हा रोग कधी ऐकलासुद्धा नव्हता. तो माझ्याच भिंतीच्या आत कसा आला? कुणीतरी आणल्याशिवाय?"

"शेजारी!" भावोजी टाळी वाजवून म्हणाले. "भिंतीवरून फेकला असणार. तुमचा शेजारी कोण?"

"त्यांचीही नर्सरीच आहे."

"झालं! सापडला."

वहिनींनी पायांत चपला सरकवल्या. "चला भावोजी. तुमचा गुन्हेगार बघून येऊ."

* * *

बागेच्या फाटकात जंतुनाशकात भिजवलेलं पोतं अंथरलं होतं. त्यावर पाय पुसल्याशिवाय ताईंनी कुणाला आत सोडलं नाही. भावोजींना तर दोनदा पुसायला लावले.

आत शिरल्यावर भावोजीसुद्धा बघत राहिले. रांगा अशा की सुतानं आखल्यासारख्या. एकाही झाडाखाली गवताची काडी नाही. मधोमध ते मूळ झाड, खोड दोघांच्या कवेत मावणार नाही असं. त्याचा अर्धा माथा काळा पडला होता. काळी पानं गळलीही नव्हती, तशीच लटकत होती.

झाडाखाली सरकारी तपासणीच्या बाई उभ्या होत्या. हातमोजे, आखूड केस, मोजकं बोलणं.

"हे झाड आणि आजूबाजूची चार आजारी झाडं उद्या पाडायचीच," त्या म्हणाल्या. "त्यात बदल नाही. प्रश्न त्या काचघरातल्या कलमांचा आहे."

काचघर भिंतीला लागून होतं. आत कुंड्यांमध्ये कोवळी पितळी दाटीनं उभी होती, हिरवीगार.

"त्यांच्यासाठी काड्या या झाडावरून हिवाळ्यात काढल्या," बाई सांगू लागल्या. "रोग त्याआधीच झाडात लपलेला असेल, तर तो कलमांतही गेला असणार. लपलेला रोग तपासणीत दरवेळी सापडतोच असं नाही, म्हणून सगळी जाळावी लागतील. पण रोग हिवाळ्यानंतर आला असं सिद्ध झालं, तर कलमं निर्धोक. काचघर तेव्हापासून बंदच आहे."

"म्हणजे रोग आला कधी, एवढंच ठरवायचंय?"

"पुराव्यानिशी. उद्या सकाळपर्यंत. आणि तारखेची गोष्ट मी ताईंशिवाय कुणाला सांगितलेली नाही. त्यांच्याकडूनही तसा शब्द घेतलाय. एकदा कळलं की लोक सोयीची तारीख सांगतात."

"शहाण्या आहात," वहिनी म्हणाल्या. "हा रोग जवळपास आहे तरी कुठे?"

"वरच्या डोंगराळ मुलखात शिरलाय, गेल्या एकदोन वर्षांत. खाली हे पहिलंच ठिकाण."

वहिनी झाडाभोवती फिरल्या. दक्षिणेकडे, बऱ्याच उंचीवर, एका जाड फांदीचा खुंट होता. सगळ्यात जास्त काळवंडलेला भाग तोच.

"ही फांदी?"

"हिवाळ्याच्या अखेरीला वादळ झालं, त्यात मोडली," ताई म्हणाल्या. "मला दोन दिवस घास गेला नाही. पण झाड कुणाचं!" आणि एवढ्या दुःखातही त्यांचा चेहरा उजळला. "बागेचा बहर ओसरला, बाकी झाडांवर सुपारीएवढी फळं धरली, आणि त्यानंतर या मोडक्या खुंटाला फुलं आली. पांढरीशुभ्र, घोसच्या घोस. गावातून माणसं बघायला यायची. मी सगळ्यांना सांगायचे, याला म्हणतात जात."

"कुणी वर चढून पाहिलं?"

"पाहायचंय काय त्यात? खालून दिसत होतं की."

वहिनींनी शिडी मागवली आणि भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी आकाशाकडे पाहिलं. शेवटी तेच चढले.

"निळा लेप आहे," वरून त्यांचा आवाज आला. "बाकीच्या कापांवर लावलाय तसाच."

"बोर्डो, मोरचूद-चुन्याचा," ताई म्हणाल्या. "जखमेवर लावतातच तो."

"पण इथे सुटतोय. पापुद्रा निघतो अख्खा. बाकी ठिकाणी सालीत मुरलाय, इथे खाली गुळगुळीत आहे. नखाला चिकटतं काहीतरी. वहिनी, उतरू का?"

"उतरा. आज तुम्ही फार मोठं काम केलंत."

"काय केलं?" भावोजींनी विचारलं. वहिनींनी बागेतल्या माणसांना बोलावणं धाडलं.

* * *

पहिले बुवा आले. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा मुलखात कुणी नाही, असं लोक म्हणत. बुवांचंही तेच मत होतं. कमरेच्या म्यानातला कलमी चाकू त्यांनी न मागताच काढून दाखवला.

"बघा. यात तोंड दिसतं. एक झाड झालं की चाकू स्पिरिटात, छाटणीची कात्री स्पिरिटात. माझ्या हत्यारानं रोग पसरला म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं."

"मी म्हणत नाही बुवा. हा अंगठा?"

डाव्या अंगठ्यावर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. बुवांनी तो पदकासारखा पुढे केला. "काडी तासताना चाकू अंगठ्यावर थांबवावा लागतो. कलम करणाऱ्याची ओळख ही. ज्याचा अंगठा कोरा, त्यानं मला शिकवू नये."

"नासपतीचं फूल कसं येतं, ते मला शिकवा."

"आदल्या उन्हाळ्यात कळी तयार होते, हिवाळाभर झोपते, वसंतात उमलते. यंदाच्या कोंबाला यंदा फूल नाही."

"मग त्या खुंटाला कसं आलं?"

बुवांनी वर पाहिलं. चाकू म्यानात घातला, पुन्हा काढला.

"हे झाड इतर झाडांसारखं नाही बाई," ते शेवटी म्हणाले. "एखादं जुनं डिखळ, कळ्यांची आखूड काडी, राहिलं असेल खुंटावर. माझे गुडघे गेले. मी आता शिडी चढत नाही."

बुवा निघून गेल्यावर भावोजी कुजबुजले, "अडखळला! हाच."

"शेजाऱ्याला सोडलंत वाटतं?"

शेजारी तावातावानंच आले. "ताईंच्या वडिलांशी माझं उभा जन्म पटलं नाही," ते म्हणाले. "भेटलो की भांडायचो. पण त्यांच्या झाडावर थुंकायचीसुद्धा माझी छाती झाली नसती. आणि जरा डोकं चालवा. भिंतीला लागून माझी रांग आहे. मी विष फेकलं असतं तर पहिली माझी झाडं गेली असती. एकावर डाग दाखवा!"

डाग नव्हता. वहिनी भिंतीवरून डोकावून बघून आल्या. शेजाऱ्यांची जात लवकरची. फळं चांगलीच मोठी झालेली होती आणि फुलाचं नावही नव्हतं.

"एक विचारू?" जाताना शेजारी दबक्या आवाजात म्हणाले. "ती पोरं वाचतील का? पितळी गेली तर मी भांडू कुणाशी?"

मग ऑफिसची खोली. ताईंचे यजमान तिथे बसत. लग्नानंतर तेच या घरात राहायला आले होते, म्हणून अख्खी बाग त्यांना जावईबापू म्हणे. केस पिकले तरी ते जावईबापूच होते. ताईंनी ओळख करून दिली ती एवढीच: "हे हिशेब बघतात."

खोलीची खिडकी थेट बुवांच्या कामाच्या ओट्यावर उघडत होती. ओट्यावर कलमं बांधायच्या पट्ट्यांची भेंडोळी पडली होती.

"वादळानंतरचा एखादा फोटो आहे?" वहिनींनी विचारलं.

"आहे ना." जावईबापूंनी टेबलाचा खण ओढला. तो निघेना. त्यांनी वरून बुक्का मारला, गुडघा लावला, तेव्हा कुरकुरत अर्धा उघडला. फोटोत खुंट स्पष्ट दिसत होता. ढलपी निघालेला, आखूड, नुसतं लाकूड.

"बागेत हात घालता का तुम्ही?"

"छे. झाडाला हात लावायचा तो बुवांनी. मी आपला आकड्यांत." ते हसले. फोटो पुढे करताना त्यांच्या डाव्या अंगठ्यावर एक पांढरी, नुकतीच भरलेली रेघ दिसली.

"वादळाच्या वेळी इथेच होतात?"

"हो. हिला सावरणं कठीण झालं होतं. मग बहर सुरू झाला आणि मी आईकडे जाऊन आलो. वर, डोंगरात."

"तिकडे थंडी असेल तेव्हा."

"पागोळ्या गोठलेल्या होत्या. इथे फुलं आणि आईच्या दारात झाड अजून उघडंबोडकं." एवढं बोलून ते थांबले, आणि खण बंद करायला लागले. खण बंद होईना.

शेवटी मधवाला. वसंतात त्याच्या मधपेट्या बागेत असत.

"सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार, ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण माझ्या माश्या बहरात महिनाभर इथेच होत्या. त्यांनी रोग आणला असता तर अख्खी बाग पेटली असती. बहर संपला, मी पेट्या मोहरीच्या शेतात नेल्या. तिथे फळझाड औषधालाही नाही. मग ताईंचा निरोप आला, झाडाला पुन्हा फुलं आलीत, पेट्या आण. आणल्या."

"बाकी झाडांवर तेव्हा फुलं होती?"

"चुकार. जवळच्या चारेक झाडांवर एखादं दुसरं."

"या वसंतात बागेतल्या कुणी तुझ्याकडून काही नेलं?"

"मध नेतात सगळेच. जावईबापू तेवढे मेणाची वडी घेऊन गेले. कपाटाचे खण अडकतात म्हणाले."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. भावोजींना ही खूण माहीत होती: आता त्या कुणाला काही विचारणार नाहीत.

* * *

सकाळी फाटकाबाहेर ट्रक येऊन उभा राहिला. झाडाखाली सगळे जमले: बाई, ताई, जावईबापू, बुवा, मधवाला, आणि न बोलावता शेजारीही.

"रोग भिंतीवरून आला नाही," वहिनींनी सुरुवात केली. "भिंतीलगतची झाडं निरोगी आहेत. माश्यांनीही बाहेरून आणला नाही. आणला असता तर भर बहरात आणला असता आणि अख्खी बाग गेली असती. बुवांच्या हत्यारानं आला असता तर ज्या रांगा त्यांनी छाटल्या त्या रांगांनी गेला असता. तो सुरू झाला माथ्यावर, त्या खुंटापाशी. बुवा तर शिडीच चढत नाहीत."

बुवांनी मान ताठ केली.

"आता ती फुलं. बुवांनीच सांगितलं, नासपतीची कळी आदल्या वर्षी तयार होते. फोटोत खुंटावर एक डिखळसुद्धा नाही. म्हणजे ज्या कळ्या तिथे उमलल्या त्या तिथे तयार झाल्याच नव्हत्या. कुणीतरी कळ्यांसकट काड्या आणून खुंटाच्या सालीत बसवल्या. आणि या बागेचा बहर उलटून गेल्यावरही त्या झोपलेल्या होत्या. म्हणजे आल्या थंड मुलखातून, जिथे वसंत उशिरा येतो आणि जिथे हा रोग आहे. त्या काड्यांतून रोग फुलांत आला. फुलांतून माश्यांनी तो जवळच्या चार झाडांच्या चुकार फुलांत नेला."

"आमच्या झाडावर परकी काडी?" ताईंचा आवाज चढला. "अशक्य! पान वेगळं दिसलं असतं. मी रोज बघत होते."

"परकी असती तर दिसलीच असती. ती पितळीच होती."

ताई एक पाऊल पुढे आल्या.

"पितळी बाहेर नाही," ताई एकेक शब्द तोडत म्हणाल्या.

"आहे. एक झाड आहे. बुवा, खरं सांगा, त्या फुलांची शंका आली होती ना?"

बुवांचा चेहरा पडला. "दुसऱ्या कुठल्या झाडाला अशी फुलं आली असती, तर गुडघे गेले खड्ड्यात, मी शिडी लावली असती. पण हे झाड... वाटलं, हे करू शकतं. आमचं झाड काहीही करू शकतं."

"तुम्हा सगळ्यांना तेच वाटलं. म्हणून कुणी वर चढलं नाही." वहिनी वळल्या. "खुंटावरच्या निळ्या लेपाखाली मेण आहे. काल भावोजींच्या नखाला लागलं. बुवा जोडाला मेण लावत नाहीत, त्यांचं काम पट्टीवर चालतं. मेणाची वडी ज्यांनी खणासाठी म्हणून नेली, त्यांचा खण काल बुक्की मारल्याशिवाय उघडला नाही. त्यांच्या कोऱ्या अंगठ्यावर एकच रेघ आहे. आणि बहरात ते डोंगरात जाऊन आले."

सगळ्यांच्या माना फिरल्या. भावोजींची सगळ्यात शेवटी.

"जावईबापू, बोलण्याआधी एक ऐका," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला वाटतंय, सगळं गेलंच आहे, आता बोलून कुणाची लाज काढायची? पण काचघर अजून गेलेलं नाही. तुमचं कलम वादळानंतरचं असेल, तर हिवाळ्यात काढलेल्या काड्या निर्दोष ठरतात. ती कलमं वाचतात. फक्त तुमच्या बोलण्यानं."

जावईबापूंनी काचघराकडे पाहिलं. मग बाईंकडे. "वाचतील? खरंच?"

"खुंट चिरू," बाई म्हणाल्या. "जोडावर यंदाचंच लाकूड निघालं तर वाचतील."

"मीच केलं," ते लगेच म्हणाले. "आईच्या दारात पितळी आहे."

"कुणी दिली?" ताई ओरडल्याच.

"तुझ्या बाबांनी."

"खोटं!"

"लग्न ठरलं तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते. मी एकुलता एक, आणि इथे येऊन राहणार. आई आत जाऊन रडत होती. बाबा दुसऱ्या दिवशी परत आले, ओल्या फडक्यात काड्या घेऊन. आईला म्हणाले, 'तुम्ही मला पोटचा मुलगा देताय. माझ्याकडे तेवढ्या तोलाचं हे एकच आहे.' स्वतःच्या हातांनी कलम बांधून दिलं. आणि आम्हा दोघांकडून वचन घेतलं, की हे कधी कुणाला कळू द्यायचं नाही. ज्या नियमावर तू मान ताठ ठेवून जगलीस, तो त्यांनीच मोडला होता. मी कसं सांगणार होतो?"

ताईंचा हात तोंडावर गेला.

"फांदी मोडली तेव्हा तू जेवेनाशी झालीस," ते म्हणाले. "मला वाटलं, या बागेसाठी इतक्या वर्षांत एक गोष्ट आपल्या हातानं करावी. आईचं झाड धडधाकट दिसत होतं. त्याच्या पोटात काय आहे ते मला कळलं नाही. फुलं आली तेव्हा तू लोकांना बोलावून दाखवत होतीस, आणि मी त्या खिडकीत बसून... काय सांगू, त्या दिवसांत मी जमिनीवर नव्हतो."

बाईंनी खूण केली. करवत चालली. खुंट खाली उतरवला, आणि बुवांनी तो मांडीवर घेऊन काडीच्या रेषेत उभा चिरला. सगळे वाकले.

मेणाखाली जोड होता. जुन्या लाकडावर नव्या लाकडाचा एकच फिकट, पातळ थर. वर्षाचं कडंही पुरतं झालेलं नव्हतं. बाईंनी भिंग लावून पाहिलं, फोटो घेतला आणि कमरेला लावलेल्या, जाळायच्या झाडांना बांधायच्या लाल पट्टीच्या गुंडाळीकडे गेलेला हात मागे घेतला.

"यंदाचंच," त्या म्हणाल्या. "काचघर सोडलं."

मधवाल्यानं मोठ्यानं श्वास सोडला. शेजाऱ्यांनी नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाले. बुवा मात्र अजून खुंटच न्याहाळत होते. जोडावरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"साल कुठे फाटली नाही. पोकळी नाही. तिरका काप एका फटक्यात घेतलाय," ते पुटपुटले, आणि मग एकदम, "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच. खिडकीतून दिसायचं."

"हे माझ्या हातचं कलम आहे," बुवा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फक्त हात यांचा आहे."

ताईंनी खुंटाची ती अर्धी फाक बुवांकडून घेतली. बराच वेळ पाहिली. त्यांना राग आला होता, बाबांचा, नवऱ्याचा, स्वतःचा. आणि त्या रागाच्या खालून जे वर येत होतं ते त्यांना लपवता आलं नाही. त्यांना अभिमान वाटत होता.

"मला सांगायला हवं होतंत," त्या एवढंच म्हणाल्या. मग करवत मागितली. "बाबांच्या झाडाला पहिला घाव माझा."

तो त्यांनीच घातला. झाड दुपारपर्यंत पडलं.

बाई कागद आवरताना म्हणाल्या, "सल्ला म्हणून सांगते, एवढी मोलाची जात एकाच भिंतीत ठेवू नका."

"निम्मी कलमं पलीकडे पाठवते," ताई म्हणाल्या. शेजारी सवयीनं भांडायला लागले, की निम्मी का, तिसरा हिस्सा पुरे, एवढ्यांना पाणी कोण घालणार.

"आणि वरचं झाड?" बाईंनी विचारलं. "तेही पाडावं लागेल. तिकडच्या खात्याला मी कळवते. पण घरच्या माणसानं आधी सांगितलेलं बरं."

जावईबापूंनी फोन काढला. ताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि नंबर स्वतः लावला. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

ताईंनी सगळं सांगितलं. बाबांचं, काड्यांचं, रोगाचं. "आई, तुमच्या दारचं झाडही जाणार," त्या म्हणाल्या, आणि तिथे मात्र त्यांना रडू फुटलं.



"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "झाड होतं, म्हणून पोराशिवाय दिवस काढले. तू रडू नकोस. मला एक सांग, त्याचा जोड कसा बसला होता?"

ताईंनी डोळे पुसले, खुंटाची फाक उजेडात धरली आणि सांगायला लागल्या. काप कसा तिरका होता, साल कशी अलगद उचलली होती, फुलं किती आली, कोण कोण बघायला आलं. सासूबाई मध्ये मध्ये "आणखी?" म्हणत होत्या, आणि ताई आणखी सांगत होत्या. जावईबापू शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते.